साक्षगंधाच्या सकाळी सोन चिखल्या

मी पक्षी बघते असं सांगितलं की गोंदियात समोरचा माणूस लगेच विचारतो, "सारस देखा क्या?" जणू देवानं आमच्या जिल्ह्यासाठी एकच पक्षी घडवला आणि हात झटकून मोकळा झाला. सारस मी पाहिलाय. उंच आहे, देखणा आहे, जोडीनं नाचतो, सगळं मान्य. पण माझा जीव जडलाय तो कबुतराएवढ्या, चिखलात धावणाऱ्या एका पाहुण्यावर, आणि त्याचं नाव काढलं की ऐकणाऱ्याला जांभई येते. येऊ दे. मी थांबत नाही.

त्याचं नाव सोन चिखल्या. हिवाळ्यात तो आमच्या तलावावर येतो तेव्हा त्याच्याकडं कुणी ढुंकूनही बघणार नाही. मळकट अंग, लांब पाय. जरा धावतो, थांबतो, वाकून किडा उचलतो, पुन्हा धावतो. घरभर चष्मा शोधत फिरणाऱ्या माणसासारखं त्याचं चालतं. पण उन्हाळा तापला, उत्तरेकडच्या बर्फाच्या मुलखात परत जायची वेळ आली, की हाच पक्षी नवरदेव होतो. पोट काळं कुळकुळीत, कपाळापासून कुशीपर्यंत पांढरा पट्टा, आणि पाठीवर सोन्याचे ठिपके. तो पोशाख घालून तो आमच्याकडं फार तर एखादा दिवस टेकतो. मी पुस्तकात वाचलं होतं, फोनवर फोटो पाहिले होते, आणि कित्येक उन्हाळे दुर्बीण गळ्यात अडकवून वाट पाहिली होती. कधी मी गोंदियाहून सुट्टीला गावी पोचायच्या आदल्या दिवशी तो निघून गेलेला, कधी मी परत शाळेत शिकवायला गेल्यावर आलेला. आमची चुकामूक ठरलेली होती.

शेवटी तो आला तो माझ्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आदल्या संध्याकाळी.

ही बातमी काकूनं आणली. ती तलावावर धुणं धुऊन आली, बादली आदळली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुहा टिटवा आला वो. आज तं अंगभर सोनं घालून आला." काकूला सगळे लांब पायांचे पक्षी टिटवे वाटतात, पण डोळा तिचा पक्का. मी उठून धावणारच होते, तेवढ्यात आईनं माझा हात धरला. हातावर मेंदी ओली होती. आई म्हणाली, "सोनं उद्या तुया अंगावर पायजे. बस खाली." बसले.

आता साक्षगंधाचं सांगते. मुलगा कोहमाऱ्याचा. हायवेवर त्यांचा ढाबा आहे. तो मला पाहायला आला होता तेव्हा घरातल्या वीस माणसांच्या मधोमध त्यानं मला एकच गोष्ट विचारली, "चहा तुम्ही केला काय?" मी म्हटलं, "नाही, काकूनं." तर म्हणाला, "चांगला झाला. पन उकळला जास्त." बाप्पा! काकू त्या दिवसापासून त्याला 'उकळ्या' म्हणायची. मला मात्र हसू आलं. तोंडावर खरं बोलणारा माणूस मला आवडतो, कारण मी स्वतः तशी आहे आणि त्यापायी माझं एक स्थळ आधीच मोडलं होतं. ते स्थळ नोकरीवालं होतं. त्या मुलानं विचारलं होतं, "पक्षी पाहून भेटते काय?" मी विचारलं, "तुम्हाले पाहून काय भेटून राहिलं?" झालं. आईनं नागऱ्याच्या महादेवाला साकडं घातलं की पुढचं स्थळ माझ्या तोंडापासून वाचव. महादेवानं ऐकलं असावं, कारण कोहमाऱ्याच्या मुलाला मी पटकन हो म्हणून बसले. बाजारात दुकानदारानं घाई केली की आपण पातळ न उलगडताच घेतो ना, तसं.

पाहुणे गेल्यावर घडी उलगडावीशी वाटली. या माणसाचा ढाबा रात्रभर चालतो. तो पहाटे झोपतो आणि मी पहाटे तलावावर जाते. लग्नानंतर काय? तो दुर्बीण माळ्यावर टाकायला सांगेल का? की नुसताच हसेल, आणि मी हळूहळू स्वतःच जायचं सोडीन? मला हे दुसरंच जास्त भीतीचं वाटायचं. म्हणून मी मनाशी पक्कं केलं होतं: मांडवात बसायच्या आधी त्याला गाठायचं आणि विचारायचं. मी पहाटे तलावावर जाईन, चालेल का? नाही म्हणाला किंवा हसला, तर मांडव उतरवायचा. आई रडेल, बाबा चार दिवस जेवणार नाहीत, काका गावभर तोंड लपवतील. चालेल. हे मी फक्त काकूला सांगितलं होतं. काकू म्हणाली, "इच्चार. पन चहा पेल्यावर इच्चार."

साक्षगंध अकराला होतं. सकाळी सहालाच आईनं माझ्या तोंडाला हळद-बेसनाचा जाड थर फासला आणि बजावलं, "वाळेपर्यंत बोलू नोको, हसू नोको." मग ती भाजीच्या फोडणीकडं वळली. मी काकूकडं पाहिलं. काकूनं न्हाणीचं दार बाहेरून ओढून घेतलं आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं ओरडली, "पोरगी न्हायले गेली वो!" मी मागच्या दारानं पसार. गळ्यात दुर्बीण, तोंडावर बेसन, पायात काकूच्या चपला.

आमचं घर तलाव बांधणाऱ्यांचं. गावचा तलाव आमच्या पूर्वजांनी खोदवला, त्याचा पार, म्हणजे मातीचा बांध, त्यांनी टोपल्या-टोपल्यांनी चढवला. बाबांना तलाव घरातल्या वडीलधाऱ्यासारखा आहे. आमच्याकडं रीतच आहे: पाहुणा आला की आधी पारावर न्यायचा, तलाव दाखवायचा, मग चहा. सोयरा असो, नवा तलाठी असो, वीजबिलवाला असो, सुटका नाही. एकदा कुलर दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही बाबांनी पूर्ण इतिहास सांगितला होता, आणि कुलर संध्याकाळी दुरुस्त झाला.

तलावाचं आणखी एक आम्हाला पाळण्यातच शिकवतात. उन्हाळ्यात शेतकरी तळातला गाळ खोदून बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, टाकायला नेतात. त्याचे खड्डे पडतात, पावसाळ्यात त्यांत नवा, पातळ गाळ भरतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यावर वाळलेली, भेगाळलेली पापडी धरते. वरून बघाल तर अंगण वाटेल. खाली नुसती आंबील. म्हणून प्रत्येक खड्ड्याशी बांबू रोवायचा आणि त्याला लाल चिंधी बांधायची. बांबू दिसला की लांबून जा, नाही दिसला की खुशाल चाल. आमच्या घरातलं शेंबडं पोरही हे चुकत नाही.

मी पार उतरले आणि तो दिसला.

एकटाच होता. ऊन माझ्या पाठीमागून त्याच्यावर पडत होतं आणि पाठ अशी चमकत होती की मला खरंच ओरडावंसं वाटलं. ओरडता येत नव्हतं, बेसन वाळत आलं होतं. ठिपके पिवळे नव्हते हो, सोन्याचेच होते, एकेक वेगळा, मोजून टाचल्यासारखा. दुर्बीण लावली तरी मन भरेना. अजून थोडं जवळ जावं म्हटलं. बांबू कुठं आहे ते पाहिलं. एक डावीकडं दूर दिसला. समोर एकही नव्हता. समोर कोरडी, भेगाळलेली जमीन, आणि तिच्यापलीकडं माझा नवरदेव.

तीन-चार पावलं गेले आणि जमीन गेली.

आधी गुडघे, मग मांड्या, मग मी हात वर करून दुर्बीण वाचवली, आणि कमरेपर्यंत गेल्यावर पाय कशाला तरी टेकले. बुडण्याची भीती नव्हती, पण निघण्याचीही आशा नव्हती. एक पाय उपसला की दुसरा दुप्पट आत. काकूच्या चपला तर पहिल्याच झटक्याला तलावाला अर्पण झाल्या. मी चक्रावून इकडं तिकडं पाहत होते. इथं बांबू काऊन नाही? माझ्या अख्ख्या खानदानात तलावात फसलेली मी पहिली, आणि तीही आजच! मग मला हसू यायला लागलं. बेसन तडकलं. थेंब उडून तोंडभर चिखलाचे ठिपके पडले होते, ते मला दिसत नव्हते, पण पुढं सगळ्या गावानं पाहिले.

आणि मग मजा बघा. मला हलता येत नव्हतं, म्हणून तो हलला. माझी त्याला भीतीच उरली नाही. मी त्याच्या लेखी खुंट झाले होते. तो धावत, थांबत, वाकत माझ्याच दिशेनं यायला लागला. इतक्या जवळ आला की दुर्बीण लागेना. त्याच्या डोळ्यात ऊन दिसत होतं. मी अडकलेय, अकराला साक्षगंध आहे, घरात माझ्या नावानं न्हाणीचं दार बडवलं जात असणार, हे सगळं मी विसरले. खोटं कशाला बोलू, इतक्या आनंदात मी तोवर कधीच नव्हते.

तेवढ्यात पारावरून बाबांचा आवाज आला. "हा पार आमच्या आज्याच्या आज्यानं बांधला जी!"

पाहुणे! अकराचे पाहुणे सकाळी साडेसातला! ढाब्याची माणसं. रात्री झोपलेच नव्हते, मग उन्हाच्या आधी निघू म्हणून गाडी काढली आणि आले. आणि रीतीप्रमाणे बाबा त्यांना चहाआधी तलावावर घेऊन आले होते. बाबांची पाठ तलावाकडं होती, तोंड पाहुण्यांकडं. पांढरे शुभ्र सदरे, टोप्या, दोन-तीन जरीची पातळं. बाबा रंगात येऊन सांगत होते की या तलावात आजवर एकही माणूस फसला नाही, कारण आमच्या घरची शिस्तच तशी. आणि समोरच्या रांगेतली सगळी माणसं त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहत होती.

"कोन फसलं जी ते?" होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं.

बाबा वळले. त्यांनी मला ओळखलं नाही. पिवळं तोंड, काळे ठिपके. मग दुर्बीण ओळखली.

पुढचं सगळं एकदम झालं. बाबा ओरडले, "बांबू आना! बांबू!" कुणीतरी घराकडं धावलं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, त्या हसत होत्या की रडत होत्या ते आजतागायत कळलेलं नाही. आणि तो, उकळ्या, नव्या बुटांसकट पार उतरून सरळ माझ्याकडं येत होता. मी जीव मुठीत धरला. झालं, म्हटलं. आता हा मला हात देणार, लोक टाळ्या वाजवणार, आणि माझा पक्षी उडणार.

"हळू!" मी दात आवळून म्हटलं. "तिथंच थांबा! तो बसून आहे."

तो थांबला. पापडीच्या कडेला, अलगद. "कोन?"

माणसांच्या आवाजानं चिखल्या जरा लांब सरकला होता. मी हनुवटीनं दाखवलं. त्यानं पाहिलं. दिसेना. मी दुर्बीण त्याच्याकडं फेकली. त्यानं ती हवेतच झेलली, हळूच उकिडवा बसला आणि डोळ्याला लावली. आधी उलटी लावली, मग सुलटी.

आणि त्याला चिखल्या सापडला.

मी वाट पाहतेय. पारावर बाबा ओरडतायत, "जवाई, पोरीले काढा आधी!" सगळे ओरडतायत. तो काही ऐकत नव्हता. मी कमरेपर्यंत गाळात, त्याच्यापासून दोन-चार पावलांवर, आणि हा माणूस माझ्याकडं बघतही नव्हता. त्याचं तोंड उघडं पडलं होतं. "अरे बाप रे," तो पुटपुटला. "याच्या पाठीवर तं सोनं हाय."

"सोन चिखल्या," मी म्हटलं.

"राहते कुठं?"

"खूप दूर. वर, बर्फाकडं. तिकडंच जाऊन राहिला तो."

"उडत? सगळं?"

"सगळं."

त्यानं दुर्बीण खाली घेतली नाही. जरा विचार केला आणि त्याच्या आयुष्यातला सगळ्यात गंभीर प्रश्न विचारला. "मंग रस्त्यात खाते कुठं?"

"इथं," मी म्हटलं. "आमच्या तलावात."

तो पहिल्यांदा माझ्याकडं वळला. बेसन, चिखल, काही त्याला दिसलं असेल असं मला वाटत नाही. "म्हंजे तुमचा ढाबाच झाला ना हा," तो म्हणाला. "आमच्याकडंही रायपूरकडचे ट्रकवाले असेच थांबते. खाते, पाच मिनिट टेकते, निघते. पुढच्या खेपेले परत येते." आणि लगेच पुन्हा दुर्बीण लावली. "थांब थांब, वाकला. काय उचलला? गांडूळ? वा रे पठ्ठे!"

माझा प्रश्न मी विसरून गेले. नाही, विसरले नाही. तो विचारायची गरजच उरली नाही. मला गाळातून काढायचं विसरून जो माणूस चिखल्याला गांडूळ खाताना बघत बसतो, त्याला आणखी काय विचारायचं? मला इतकं हसू यायला लागलं की मी आणखी चार बोटं खाली गेले.

मग काका आले. खांद्यावर लांब बांबू, धापा टाकत, "सरका, सरका!" त्या आरडाओरड्यानं चिखल्या उठला. एकदा शीळ घातली, आमच्या डोक्यावरून वळला, उन्हात पाठ लखकन चमकली आणि तो पाराच्या पलीकडं गेला. उत्तरेकडं. तो जाईपर्यंत उकळ्याची मान दुर्बिणीसकट फिरत राहिली. "गेला," तो म्हणाला, आणि काकांकडं असं पाहिलं की काकांनी बांबू जवळजवळ सोडलाच.

मला त्या बांबूला धरून सगळ्यांनी ओढून काढलं. निघताना असा आवाज झाला की तो मी इथं लिहिणार नाही. बाबा बांबू पाहत होते. बांबूच्या टोकाला लाल चिंधी होती.

"हा तं तलावातला बांबू हाय," बाबा म्हणाले. "हा घरून कायले आला?"

काका तलावाच्या दुसऱ्या टोकाकडं बघायला लागले. मग हळूहळू बाहेर आलं. काल संध्याकाळी मांडवाला एक बांबू कमी पडला होता. अंधार व्हायला आला होता, बाजारात कोण जाणार, काकांना तलावात उभा बांबू दिसला. एका दिवसाचं तर काम, परवा परत रोवू म्हणून त्यांनी उपटून मांडवाच्या कोपऱ्यात उभा केला. आणि आता बाबांनी 'बांबू आना' म्हणताच घाबरून तोच मांडवातून उपटून आणला होता. घरी मांडवाचा तो कोपरा स्वयंपाक्यांच्या डोक्यावर बसला होता.

मागोमाग धावत आलेल्या काकूनं एवढंच म्हटलं, "माह्या चपला?"

घरी न्हाणीत बादल्यांवर बादल्या ओतून मला माणसात आणलं. आई नुसती खसाखसा घासत होती. मधेच थांबून म्हणाली, "मोडलं काय वो?" मी तिला मिठी मारली. दोघी भिजलो.

मोडलं नाही. सासूबाईंनी चहा मागितला, काकूनं तो मुद्दाम कमी उकळला, आणि अकरा वाजता साक्षगंध झालं. मांडवाचा एक कोपरा काकांनी दोरीनं चिंचेच्या झाडाला बांधला होता, तरी तो पाहुण्यांच्या टोप्यांना लागत होता. बांबू तिथं परत लावू नका, आधी तलावात रोवा, असं बाबांनी सगळ्यांसमोर बजावलं आणि काका ते निमूटपणे करून आले. माझ्या नखांत अजून काळा गाळ होता. त्याच्या नव्या बुटांना तर किती पुसलं तरी तो जात नव्हता. आम्ही शेजारी बसलो, कपाळाला गंध लागलं, आईनं माझ्या गळ्यात सोनं घातलं.

बायका गाणं म्हणत होत्या, त्या आवाजात मी त्याच्याकडं न बघता म्हटलं, "लग्नानंतरही मी पहाटे तलावावर जाईन. सांगून ठेवते." विचारायचं नव्हतंच, नुसतं सांगायचं होतं.

तोही माझ्याकडं न बघता, रात्रभर न झोपलेले लाल डोळे चोळत म्हणाला, "मंग मले उठवजो."

मी भर मांडवात मोठ्यानं हसले आणि आईनं मला मागून चिमटा काढला.